शुक्रवारचं पान

१

लेसरच्या नोंदवहीतलं एक पान नाहीसं झालं आणि त्याची चौकशी माझ्या गळ्यात पडली. मला लेसरमधलं काही कळतं म्हणून नव्हे, फाटलेल्या पानांतलं कळतं म्हणून. लातुरात क्लासेसचं पीक आलं तेव्हापासून आमच्या ग्रंथालयातल्या फिजिक्सच्या पुस्तकांना ब्लेड लागलं होतं. पोरं सोडवलेली गणितं पानांसकट घरी नेत. कुठलं पान ब्लेडनं गेलं, कुठलं पट्टीनं आणि कुठलं घाईत ओरबाडलं, हे मी नुसती कड पाहून सांगतो. एवढ्या भांडवलावर प्राचार्यांनी मला, म्हणजे ग्रंथपाल पंढरी निटूरेला, एका माणसाची चौकशी समिती करून टाकलं.

तो दिवस शनिवार, सोळा डिसेंबर पंचाण्णव. किल्लारीच्या भूकंपाला सव्वादोन वर्षं झाली होती, तरी रस्त्यानं ट्रक जोरात गेला की लातुरातली माणसं अंगणात येत. म्हणूनच नांदेडच्या एका कॉलेजाकडून हा लेसर आमच्याकडे उसना आला होता. तळमजल्यावरच्या लांब खोलीत बसून तो जमीन केसाच्या शंभराव्या भागाएवढी तरी सरकली का, ते मोजायचा. निदान मोजायला हवं होतं. पण दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडल्यापासून रोज दुपारी तो आंधळा होत होता. दीड वाजून गेला की पेटीवरचा हिरवा दिवा तांबडा, सव्वादोनच्या पुढे पुन्हा हिरवा. रविवारी असं होत नव्हतं आणि शुक्रवारीही होत नव्हतं. त्यात आता नोंदवहीतलं आठ तारखेचं पान गेलं होतं.

प्राचार्य म्हणाले, बुधवारी नांदेडहून पाहणीला माणसं येत आहेत, त्याआधी मला नाव पाहिजे. मग नावही त्यांनीच सांगून टाकलं. गुलाम रसूल, आमचे प्रयोगशाळा सहायक, सगळ्यांचे रसूलचाचा. नोकरी सव्वीस वर्षं, मार्चअखेर निवृत्ती. खोलीची चावी त्यांच्याकडे. दुसरी चावी प्राचार्यांच्या कपाटात लाखेच्या मोहोरेत बंद, आणि मोहोर शाबूत. शुक्रवारी चाचा जुम्म्याच्या नमाजला गंजगोलाईच्या बाजाराकडे जातात, साडेबारा ते तीन नसतात, आणि बरोबर शुक्रवारीच लेसर शहाण्यासारखा वागतो. यात चौकशी करण्यासारखं काय आहे, असं त्यांनी मलाच विचारलं.

निलंबनाचं पत्र टाइप होऊन पडलं होतं, तारखेची जागा तेवढी मोकळी होती. सव्वीस वर्षांत ज्या माणसानं एक परीक्षानळीसुद्धा घरी नेली नाही, त्याला निरोपाच्या हाराऐवजी हे पत्र द्यायचं, हे मला पटेना. पण पटत नाही हा काही पुरावा नव्हे.

मी वही हातात घेतली आणि पानाची कड पाहिली. पान कोणी फाडलं ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. दुर्दैवानं उत्तर प्राचार्यांनी सांगितलेलंच होतं.

२

ती वही रसूलचाचांनी स्वतः शिवलेली होती. बाजारच्या वह्या चार महिन्यांत खिळखिळ्या होतात म्हणून ते प्रयोगशाळेच्या सगळ्या वह्या दाभणानं शिवून घेत. शिवलेल्या वहीतलं एक पान ओढलं की शिवणीपलीकडचं त्याचं जोडपान सुटतं. चोराला त्याची फिकीर नसते. इथे मात्र पट्टी धरून पान अलगद काढलेलं होतं आणि सुटलेलं जोडपान खळीनं पुन्हा चिकटवलेलं होतं. गुन्हा करतानाही वहीला इजा होऊ नये म्हणून जपणारा माणूस आमच्या कॉलेजात एकच. मी प्राचार्यांना काही बोललो नाही, सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

तळमजल्यावर धम्मप्रिया सोनकांबळे भेटली. ही फिजिक्सची तरुण प्राध्यापिका, मूळची हिमायतनगरकडची. लेसर मिळावा म्हणून नांदेडला दीड वर्षं खेटे तिनंच घातले होते. तिनं मला दाराशी चपला काढायला लावल्या. आत पंखा नाही, खिडक्या बंद, वाऱ्याची झुळूक आली तरी चालत नाही. एका टोकाला दगडी कट्ट्यावर ती पेटी. तिथून तीसेक पावलांवर, फरशी फोडून थेट खडकापासून उचललेला कमरेएवढा खांब आणि त्यावर एक आरसा. पेटीतून निघालेली उजेडाची तांबडी तार आरशापर्यंत जाते आणि परत येते.

मी म्हटलं, ग्रंथपालाला समजेल असं सांग. ती म्हणाली, प्रकाश म्हणजे एक सूर समजा. पेटीत काचेची नळी आहे. नळी तापली की लांबते आणि लांबली की सूर ढळतो. म्हणून तिच्याभोवती तारेचं वेटोळं गुंडाळलंय. ते नळीला हवी तेवढीच ऊब देतं आणि सूर एका जागी धरून ठेवतं. चालू केल्यावर सूर धरायला अर्धा तास लागतो. धरला की दिवा हिरवा, सुटला की तांबडा. मी मान डोलावली. मला एवढंच समजलं की लेसरला शेकोटी लागते.

मग मी मला सुचलेला एकमेव प्रश्न विचारला. कुणी मध्ये उभं राहून तार अडवत असेल तर?

"तर मोजणी थांबेल, सर, पण दिवा हिरवाच राहील," ती म्हणाली. "इथं दिवाच तांबडा होतोय. म्हणजे हात पेटीला लागलाय."

एकदा तिनं स्वतः तास बुडवून दुपारभर पहारा केला होता. त्या दिवशी काहीच झालं नाही. तेव्हापासून तिला वाटत होतं की हे यंत्राचं नव्हे, माणसाचं काम आहे. चाचांवर संशय घेताना तिचा चेहरा पडला होता. सहायकानं एवढा जीव लावलेला तिनं दुसरीकडे पाहिला नव्हता.

खांबावरचा आरसा मला थोडा वाकडा बसवलेला दिसला. चूक सापडली असं वाटून मी तो दाखवला, तर ती म्हणाली, तो मुद्दाम तसा आहे, परत येणारा प्रकाश पेटीच्या तोंडात शिरू नये म्हणून बाजूला उतरवलाय. मी ते वहीत लिहून घेतलं, का ते मला ठाऊक नव्हतं. आरशासमोर खांबाच्या माथ्यावर पाण्याचं गोल कडं उमटलेलं होतं. चाचा हल्ली चहाचा कप कुठंही ठेवतात, असं पुटपुटत तिनं ते रुमालानं पुसलं.

दीड वाजत आला होता, तिचा तास होता. तिनं मला बाहेर काढलं, चावी चाचांच्या हाती दिली आणि गेली. मी वर येऊन डबा खाल्ला आणि पाणी प्यायला गेलो, तर माठावरचा पेला नेहमीप्रमाणे जागेवर नव्हता. दुपारच्या सुट्टीत तो बहुतेक नसतोच. मी मागे वैतागून ऑफिसात लेखी तक्रारही दिली होती. शेवटी ओंजळीनं प्यालो आणि शर्ट भिजवून घेतला.

मी निथळत उभा असताना शेजारून कोणीतरी म्हणालं, "निटूरे सर, उगाच त्या म्हाताऱ्याच्या मागं लागू नका. चोर मी सांगतो."

३

ते आदर्श सर होते. लातुरातल्या निम्म्या भिंतींवर तेव्हा फक्त 'आदर्श सर' एवढीच अक्षरं होती, आडनावाची गरज त्यांना उरली नव्हती. नावाला ते आमच्याकडे अर्धवेळ शिकवत आणि तीन ते पाच आपल्या क्लासच्या पोरांना आमच्या प्रयोगशाळेत प्रॅक्टिकल करवत. त्यांचं म्हणणं असं की धम्मप्रियाच्या मोजणीतून इतक्या महिन्यांत काही निघालेलं नाही. कोणीतरी यंत्राशी खेळतंय असं ठरलं तर तिची लाज राहते. स्वतःचा स्वार्थही त्यांनी लपवला नाही. लेसर परत गेला तर त्या लांब खोलीत त्यांच्या दोन बॅचेस बसतात. मग म्हणाले, आठ तारखेला मी नांदेडला मोफत व्याख्यानाला होतो, पेपरात फोटो आहे. मी तारीख विचारलीच नव्हती. पण ती सगळ्या कॉलेजला ठाऊक झाली होती, आणि फोटो खरोखरच होता.

म्हणजे ज्याचा फायदा होता तो गावात नव्हता, जिचं नुकसान होतं तिचाच फायदा होता असं हा सांगत होता, आणि ज्याला ना फायदा ना तोटा त्यानं पान फाडलं होतं. माझ्या डोक्यात नुसता काला झाला.

रसूलचाचा स्टोअरमध्ये स्टुलावर बसून दाभणात दोरा ओवत होते. त्यांनी स्टूल मला दिलं आणि स्वतः खोक्यावर बसले. मी म्हटलं, चाचा, आडवळणानं विचारायला मला जमत नाही. जोडपान खळीनं चिकटवलंय.

त्यांनी दोरा ओवून गाठ मारली. मग म्हणाले, "पान मीच फाडलो साहब. खुदा गवाह, पेटीला हात न्हाई लावला."

"काय होतं त्या पानावर?"

"जे झालं ते होतं. मी वहीत दुसरं काय लिहिणार?"

आठ तारखेच्या त्या शुक्रवारी ते दुपारी बाराला अर्ध्या रजेवर निघाले होते, एसटीनं उदगीरला, लेकीकडं, रईसाकडं. चावी कुठे होती विचारलं तर खिशात म्हणाले, आणि तसं म्हणताना दाभण बोटात रुतवून घेतलं. मी सव्वीस वर्षांत त्यांना खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. पहिल्यांदाच बोलत होते, आणि तेही अगदी वाईट बोलत होते.

४

रविवारी मी कागदाची गुंडाळी घरी आणली. लेसरला एक लेखणी जोडलेली होती, ती आठवडाभर आपली आपण कागदावर रेघ ओढत राही. वरची रेघ दिव्याची: हिरवा असला की सरळ, तांबडा झाला की खाली पडलेली. खालची रेघ जमिनीची. धम्मप्रियाला खालच्या रेघेतच रस. वरचीचा हिशोब तिनं चाचांच्या वहीवरून मांडला होता, आणि आठ तारखेचं पान नसल्यानं तो शुक्रवारही इतर शुक्रवारांसारखाच असणार असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. मीही धरलंच होतं.

गुंडाळी ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत पसरली. आमच्या सौभाग्यवती उमाबाई ती ओलांडून जा-ये करत होत्या आणि दर फेरीला एक टोमणा मारत होत्या. मी गुडघ्यांवर रांगत तारखा लावत गेलो. सहा तारखेला रेघ पडलेली. सहा डिसेंबरला धम्मप्रिया मुंबईला चैत्यभूमीवर गेली होती, तेव्हा ती सुटली. एक तारखेचा शुक्रवार सरळ. पंधराचा सरळ. आठ तारखेवर आलो आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

आठ तारखेच्या शुक्रवारी रेघ पडली होती. एक अडतीसला खाली, दोन वीसला वर, रोजच्यासारखीच.

मी तिथेच फतकल मारली. त्या वेळी चाचा उदगीरच्या एसटीत होते. म्हणजे लेसर आंधळा करणारे ते नव्हेत. म्हणजे चावी त्यांच्या खिशात नव्हती. आणि म्हणजे, हे तर मला मुळीच उलगडेना, जे पान त्यांना वाचवू शकलं असतं नेमकं तेच पान त्यांनी पट्टी लावून फाडलं होतं.

"माणूस आपला बचाव आपल्या हातानं कशाला फाडील?" मी उमाबाईंना विचारलं.

त्या फळीवरचा तांब्या पुसून जागेवर ठेवत होत्या. भूकंपापासून आमच्या फळीवर एक तांब्या आणि त्यावर एक पेला पालथा असतो. जमीन हलली की पेला पडून वाजतो आणि आपण बाहेर पळायचं. त्या वर्षी लातुरात हे नसलेलं घर मला दाखवा. पेला नीट मध्यावर बसवून त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचं नाव असंल त्या पानावर. चाचांना कशाला छळायलात, ते नाव हुडका की."

मी नावं मोजली. प्राचार्यांची चावी मोहोरेत, आदर्श सर नांदेडात, धम्मप्रिया आठ तारखेला दिवसभर सराव परीक्षेच्या पर्यवेक्षणावर, चाचा एसटीत. एकही नाव उरलं नाही, आणि रेघ तर पडली होती.

५

सोमवारी दुपारी प्राचार्यांनी मला बोलावलं आणि अडीच वाजता पत्रावर तारीख पडेल असं सांगितलं. मी म्हटलं, आठ तारखेला चाचा नव्हतेच. ते म्हणाले, मग चावी कोणाला दिली ते त्यांनी सांगावं. न सांगता माणूस सुटत नाही. हे खरंच होतं. रजेचा अर्ज तरी हातात असावा म्हणून मी ऑफिसात गेलो. क्लार्कनं कुरकुरत आठ तारखेची फाइल काढली. चाचांचा अर्ज होता. आणि त्याच्या खाली, त्याच तारखेचा, माझ्याच सुवाच्य अक्षरातला दुसरा कागद होता: दुपारच्या सुट्टीत माठावरचा पेला जागेवर नसतो, तरी योग्य ती कारवाई व्हावी.

क्लार्क म्हणाला, तुमचं काही कळत नाही निटूरे सर. तेव्हा तक्रार दिली, आणि परवा शुक्रवारी पेला दिसला म्हणून शाबासकी द्यायला आलात. शनिवारी पुन्हा बोंब.

मी तारखा बोटांवर मोजल्या. आठ तारखेच्या शुक्रवारी पेला नव्हता. पंधराच्या शुक्रवारी होता. शनिवारी नव्हता. कालची गुंडाळी माझ्या डोळ्यांसमोर उलगडली. रेघ पडते त्या दिवशी पेला नसतो, रेघ सरळ त्या दिवशी पेला असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन आठवडे मी तहानेनं कावून ज्याला शिव्या घालत होतो तोच माझा पुरावा होता. कशाचा पुरावा, ते मात्र अजूनही कळत नव्हतं.

पावणेदोन झाले होते. मी जिने उतरलो. खोलीला कुलूप नव्हतं. दार लोटलेलं होतं आणि लागू नये म्हणून फटीत घडी केलेलं फडकं दाबलेलं होतं. मी चपला काढून आत पाऊल टाकलं. पेटीवर तांबडा दिवा होता. पलीकडच्या टोकाला खांबाच्या माथ्यावर, आरशाच्या बरोबर पुढे, एक तांब्या होता आणि त्यावर आमचा स्टीलचा पेला पालथा घातलेला. पेल्याच्या अंगावर कुंकवाच्या टिकलीएवढा तांबडा ठिपका होता. आणि दाराजवळ, माझ्या पायांपासून हातभर अंतरावर, चादर लपेटून कोणीतरी गाढ झोपलं होतं.

दोन्ही बाजूंना पिकलेले केस आणि हातात झाडूची काडी अडकलेली बांगडी. केवळाबाई. दिवाळीनंतर हॉस्टेलवरून आमच्या इमारतीत झाडायला बदलून आलेली. मी काल इतकी नावं मोजली आणि रोज सकाळी जिच्या झाडूखाली पाय उचलतो तिचं नाव त्यात नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

मी तिला न उठवता वर गेलो आणि धम्मप्रियाला भर तासातून बाहेर काढलं.

६

ती दारात थांबली. दिवा पाहिला, ठिपका पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. मग पावलं न वाजवता खांबापर्यंत गेली आणि दोन बोटांनी पेला उचलला. तांब्याला त्याचा जरासा आवाज झाला, चमचा बशीला लागावा एवढाच. डोळे उघडायच्या आधी केवळाबाई दाराबाहेर व्हरांड्यात उभी होती.

तिला शांत करायला वेळ लागला. तोपर्यंत आत सूर धरला गेला आणि दिवा हिरवा झाला. धम्मप्रिया हळू आवाजात म्हणाली, यात पेटीला कोणी हात लावायलाच नको होता. स्वतःचाच उजेड उलटून तोंडावर आला की लेसर बावचळतो, म्हणून तर आरसा तिरका. पेल्याचं अंग मात्र आरशाएवढंच लखलखीत. मी मान डोलावली, आणि या वेळी मला खरंच समजलं होतं.

केवळाबाई किल्लारीकडच्या एका खेड्यातली. त्या रात्री तिच्या घरातली चार माणसं गेली, दाराला आतून कडी होती. तेव्हापासून रात्री तिचा डोळा लागत नाही. ती फिरत राहते, पहाटे कामावर येते. चाचांनी तिला एकदा जिन्याखाली भोवळ येऊन पडलेली पाहिलं आणि सांगितलं, ह्या खोलीतला हिरवा दिवा जमिनीवर नजर ठेवून असतो, दुपारी इथं नीज. चाचा कुलूप काढून जेवायला जात. शुक्रवारी चावी घेऊन नमाजला जात, त्या दिवशी ती बिनझोपेची राही. सात डिसेंबरच्या संध्याकाळी एक बारीकसा धक्का बसला होता. ती रात्र तिनं मैदानात काढली, म्हणून आठ तारखेला उदगीरला निघताना चाचांनी चावीच तिच्या हाती ठेवली.

"दिवा नजर ठेवतो तर मग पेला कशाला?" मी विचारलं.

"दिव्याला आवाज न्हाई, सर," ती म्हणाली. "म्या निजल्यावर दिवा कोन बगनार?"

"पण त्या खांबावरच का? एवढी फरशी मोकळी आहे."

"फरशी ट्रक गेला तरी हालतीया. खांब खडकातून आलाय, रोजंदारीवर म्याच माती उपसली त्याची. त्यो खोटं बोलनार न्हाई."

दीड वर्षं कागद रंगवून धम्मप्रियानं जी जागा निवडली होती तीच जागा या बाईनं निवडली होती, आणि त्याच कारणासाठी.

अडीचला आम्ही प्राचार्यांपुढे होतो. तोवर चाचांना कळलं होतं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चौघडी कागद काढून टेबलावर ठेवला. आठ तारखेचं पान. जाळायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं: बारा वाजता दिवा हिरवा. अर्धी रजा. केवळाबाई रात्रभर जागी आहे, चावी तिच्याकडे दिली, खोलीत झोपेल.

मी विचारलं, चाचा, हे लिहिलंतच कशाला?

"चावी दुसऱ्याला दिली की त्याचं नाव लिहायचा नियम हाय ना," ते म्हणाले. "मग चौकशी निघाली. खोटं लिहिता येईना, म्हणून पानच काढलो. माझं काय, तीन महिने राहिले. तिला दुसरीकडं झोप कुठं लागणार?"

मी माझा तर्क सांगितला: रेघ, रजा, पेला, शुक्रवार. प्राचार्यांनी सगळं ऐकून चाचांच्या नावाचं पत्र बाजूला सारलं आणि कोरा कागद पुढे ओढला. प्रयोगशाळेत झोपायचं म्हणजे काय, म्हणाले, आणि केवळाबाईचं पूर्ण नाव विचारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी टळली होती. आता तिसऱ्याच्याच गळ्यात दोर जात होता. मला राग आला, आणि माझ्या रागाचा कधीच उपयोग होत नाही.

धम्मप्रिया म्हणाली, सूचनांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर चमकत्या वस्तूंचा इशारा आहे. मी आरसा तिरका केला, पण लातुरात राहून मला पेला सुचला नाही. चूक माझी आहे, कागदावर माझं नाव घाला.

प्राचार्य लिहायचे थांबले. पेन तसंच धरून त्यांनी विचारलं, "पेला कशावर ठेवते ती? तांब्यावर?"

केवळाबाईनं पदर सावरून मान डोलावली.

"आमच्याकडं लोट्यावर ठेवतात," ते म्हणाले. "नातू ज्या खोलीत झोपतो तिथं." मग त्यांनी कोरा कागद परत गठ्ठ्यात ठेवला, पत्र फाडलं आणि मला म्हणाले, पान नीट चिकटवून द्या, नांदेडची माणसं वही बघतील.

मी ते खळ लावून चिकटवलं. कड चाचांनीच धरली होती. पाहणी झाली, लेसर आमच्याकडेच राहिला. तांब्याला धम्मप्रियानं आरशाच्या मागे, त्याच खांबावर जागा करून दिली, आणि तारेला वारा लागू नये म्हणून दाराला जाड पडदा लावला, कडी काढून टाकली. एक गोष्ट तिनं मला आणि चाचांना बजावली होती. झोपेतल्या त्या पाऊण तासात दिवा तांबडा असायचा, आपल्याच पेल्यानं तो आंधळा व्हायचा, हे केवळाबाईला कळता कामा नये. ती इतके दिवस कोणाच्याही पहाऱ्याशिवाय झोपली होती, हे कळलं तर ती पुन्हा झोपणार नाही. आम्ही तिला एवढंच सांगितलं की तांब्या मागे ठेवला तर मोजायला सोपं जातं.

गुरुवारी पावणेदोनला मी चपला काढून पडदा बाजूला केला. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, झाडू उशाशी. पेटीवर दिवा हिरवा होता. पहिल्यांदाच ती झोपलेली असताना तो हिरवा होता. मी बराच वेळ उभा राहून दोघांकडे बघितलं आणि डोळे पुसून वर आलो.

डबा खाऊन माठाकडे गेलो. पेला नव्हता. ओंजळीनं पाणी प्यालो, शर्ट भिजला, आणि तसाच ऑफिसात जाऊन आठ तारखेची तक्रार लेखी मागे घेतली. क्लार्कनं कारण मागितलं. मी लिहिलं: पेला कामावर आहे.